ठेवू की काढू? माझ्या पुढच्या दाताची गोष्ट

माझा वरच्या ओळीतला पुढचा दात मोडला तेव्हा माझ्या तोंडात शिट्टी होती.

मी अलिबागजवळच्या एका हायस्कूलमध्ये खेळाची शिक्षिका आहे. वय सेहेचाळीस. पूर्वी स्वतः कबड्डी खेळायचे, आता पंच म्हणून जाते. थंडी पडली की आमच्याकडे दर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या गावात मैदान तयार असतं. त्या दिवशी मुलींचा उपांत्य सामना होता, संध्याकाळी पाचचा. शेवटचं मिनिट चालू होतं. तृप्ती नावाची मुलगी चढाईला गेली. उंच, मजबूत हाडाची. नागावच्या एका होमस्टेचं बुकिंग सांभाळते आणि सुट्टीच्या दिवशी खेळते. समोरच्या तिघींनी तिला मागून धरलं आणि त्या तिघींना ओढत ती मध्यरेषेकडे सरकत होती. तिचं बोट रेषेपलीकडे गेलं तर तिला तीन गुण. नाही गेलं तर ती बाद, आणि सामनाही गेला. ते बोट बघायचं काम माझं. मी गुडघ्यावर बसून जमिनीला तोंड टेकेल इतकी वाकले. बोट गेलं. मी शिट्टी फुंकली आणि त्याच वेळी तृप्तीचं दुसरं कोपर सुटलं ते थेट माझ्या शिट्टीवर.

दुखलं नाही. खरंच नाही. कानात काहीतरी कट् झालं, एवढंच. मी हात वर करून तीन बोटं दाखवली. लोक ओरडायला लागले, ते माझ्या निर्णयावर ओरडताहेत असं वाटून मी आणखी ठामपणे हात वर धरला. मग दुसरे पंच धावत आले आणि म्हणाले, "मॅडम, तोंड."

खाली पाहिलं तर पांढऱ्या टी-शर्टवर रक्त ओघळत होतं.

पुढचं मला तुटक आठवतं. कुणीतरी बर्फ दिला. कुणीतरी खुर्ची आणली. माझा नवरा विलास गर्दीतून दोरी ओलांडून आत आला आणि माझ्यासमोर नुसता उभा राहिला. आणि सामना जिंकलेली तृप्ती, जिला सगळ्या मैत्रिणी उचलायला धावल्या होत्या, ती गुडघ्यावर बसून लाल मातीत हाताने चाचपडत होती. दहा मिनिटांनी ती उठली. तिच्या तळहातावर माझ्या दाताचा तुकडा होता. तिने तो चहाच्या टपरीवर नेला, पेलाभर थंड दूध मागून घेतलं आणि त्यात टाकून माझ्या हातात दिला.

"मॅडम, सॉरी," म्हणाली आणि रडायला लागली.

"अगं, तीन गुण मिळाले तुला," मी म्हटलं. पण माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते मलाही कळलं नाही.

काढावा लागेल

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या रस्त्यावरच्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो. माझ्या मुलीचे दुधाचे दात त्यांनीच काढले होते. आता ती शिकायला पुण्यात असते. डॉक्टरांनी फोटो काढला, फिल्म उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिले. मी त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर तीनदा वाचलं.

"दात सरळ मोडला असता तर काम सोपं होतं," ते म्हणाले. "हा तिरका मोडलाय. मागच्या बाजूने हिरडीच्या आत खोल गेलाय. आणि मुळावर ही बारीक रेघ दिसते बघा. मुळाला तडा असेल तर तो दात राहत नाही. माझ्या मते काढावा लागेल."

त्यांनी आतली शीर शांत करायचं औषध भरलं, वर तात्पुरतं सिमेंट लावलं आणि म्हणाले, "दुखणार नाही आता. आठवडाभर विचार करा. अलिबागला कुणाला दाखवायचं तर जरूर दाखवा, मला राग नाही."

घरी येऊन मी आरशासमोर उभी राहिले. ओठ उचलला. खरं सांगते, मला हसू आलं. गळक्या नळासारखी दिसत होते मी. मग तेच तोंड घेऊन सोमवारी पन्नास मुलांसमोर उभं राहायचं आहे, हे लक्षात आलं आणि हसू गेलं.

सोमवारची हजेरी

आमच्या नववीच्या वर्गात स अक्षराने नाव सुरू होणारी सात मुलं आहेत. पहिलं नाव मी घेतलं, "सायली," आणि स बरोबर बारीक शीळ वाजली. "सिद्धेश." पुन्हा शीळ. तिसऱ्या नावाला मागच्या बाकावरून एक मुलगी अगदी आदराने म्हणाली, "मॅडमची शिट्टी आता आतच बसवलीय."

मी हसले. तोंडावर हात ठेवून हसले. त्या दिवसापासून तो हात तोंडावरून हलेना. बोलताना हात, हसताना हात, दुकानात कोथिंबीर मागतानाही हात. मी मैदानावर पाचशे माणसांसमोर आवाज चढवणारी बाई. पण त्या आठवड्यात मी भाजीवाल्याशी बोटांनी बोलत होते.

घरातली तीन मतं

आमच्या घरात माणसं तीन आणि मतंही तीन झाली.

विलासचं मत सर्वांत पक्कं. तो न्हावा शेव्याला कंटेनर यार्डमध्ये सुपरवायझर आहे. आलेला माल पुढे रवाना होईपर्यंत त्याला चैन पडत नाही. आम्ही दोघं मैदानावरच भेटलो, त्यामुळे मी त्याला घरातही अरे-तुरे करते. "दात काढ, स्क्रूवाला नवा बसव, विषय संपव," तो म्हणाला. "माझ्या साहेबांनी मुंबईत बसवलाय. बोटीने जायचं, बोटीने यायचं."

सासऱ्यांचं मत वेगळं होतं. आम्ही त्यांना आबा म्हणतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. सगळं आयुष्य मिठागरात गेलं. त्यांनी ओट्यावर बसल्या बसल्या वरची-खालची कवळी काढली आणि मला दाखवली. मग पुन्हा बसवून म्हणाले, "अगो, काढून टाक नी मोकली हो. माझी कवली बघ. दुखत न्हाय, किडत न्हाय, रातचे पान्यान ठेवली का झाला."

"आबा, माझा एकच दात मोडलाय."

"मंग एक काढ."

तिसरं मत माझं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्याची मला लाज वाटत होती. मला दात काढून टाकायचा होता, पण तो वाचणार नाही म्हणून नव्हे. काढला तर एकदाच घाबरायचं होतं. दाताच्या खुर्चीची मला लहानपणापासून भयंकर भीती आहे. मैदानावर दोन संघांची मारामारी मी मध्ये उभी राहून सोडवलेली आहे. पण त्या खुर्चीचा पाठीचा भाग मागे जायला लागला की मला उठून पळावंसं वाटतं.

दुसरं मत

अलिबागच्या डॉक्टर मानसींकडे मी गेले ती केवळ जुन्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून. पस्तिशीच्या असतील. आत शिरताच मी जाहीर केलं, "मी घाबरट आहे." त्या म्हणाल्या, "मग तर तुम्ही खुर्चीत बसूच नका. आधी या बाकावर बसून बोलू."

हा मला पहिला दिलासा. दातांच्या दवाखान्यात बाकावर बसून बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं.

त्यांनी नवा फोटो काढला. ती रेघ त्यांनाही दिसली. "ही तडा असू शकते," त्या म्हणाल्या, "किंवा नुसती सावली. फोटोवरून मी छातीठोक सांगणार नाही. आत उघडून, भिंगाखाली रंग टाकून बघितलं तरच कळेल."

"आणि तडा नसला तर?"

"तर वाचवायचा प्रयत्न करता येईल. आधी रूट कॅनल. पण कॅप बसवायला हिरडीच्या वर थोडा तरी दात लागतो, तुमचा आत गेलाय. म्हणून शेजारच्या दातांना तार लावून ते मूळ हळूहळू खाली ओढून आणायचं. रोज केसभर. दीड महिना ओढायचं, मग दोन-तीन महिने जागेवर धरून ठेवायचं, मग कॅप. यातलं काही चुकू शकतं. मध्येच सोडून द्यावं लागू शकतं. तुम्ही आज काढलात तरी चूक म्हणणार नाही मी. तोही चांगला उपाय आहे."

मी सगळे रुग्ण विचारत असतील तेच विचारलं. "तुमचा दात असता तर?"

त्यांनी फोटो पुन्हा एकदा बघितला. मग म्हणाल्या, "मी प्रयत्न केला असता. काढायचा रस्ता नंतरही असतो, ठेवायचा मात्र आजच आहे. पण त्याआधी मी स्वतःला विचारलं असतं की सहा महिने मला धीर धरता येतो का. ते तुमचं तुम्हालाच ठाऊक."

निघताना त्यांनी विचारलं, "तुटलेला तुकडा फेकला नाहीत ना?"

"आहे. फ्रिजमध्ये. डबीत."

"छान. तो लागेल."

नऊ दिवस

मैदानावर मला निर्णयाला एक सेकंद मिळतो. या दातासाठी मी नऊ दिवस लावले.

त्या नऊ दिवसांत विलासशी भांडण झालं. फार मोठं नाही, पण लागलं. मी भाकऱ्या थापत होते आणि पाचव्यांदा तेच बोलत होते, मूळ ओढायचं, मग थांबायचं, मग कदाचित फुकटही जाईल. तो जेवता जेवता म्हणाला, "हेमा, एक दात आहे. किडनी नाही. किती दिवस चघळणार आहेस?"

मी परात सरकवून उठले. दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. भाकरी, चावी, गॅसवाला आला होता, इतकंच.

तिसऱ्या दिवशी तो यार्डमधून लवकर आला. मी मागच्या अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. तो दोरीच्या पलीकडे, चादरीमागे उभा राहिला आणि चादरीलाच म्हणाला, "त्या दिवशी मी दोरीशेजारीच होतो. तू पडलीस असं वाटलं मला. डोक्याला लागलं असं वाटलं. अजून डोळे मिटले की तो लाल शर्ट दिसतो. तू दात-दात करतेस ना, तेव्हा प्रत्येक वेळी दिसतो. म्हणून म्हणत होतो, संपव एकदाचं."

मी चादर बाजूला केली. तो रडत नव्हता, पण नाक लाल झालं होतं. "हे आधी सांगायचं ना," मी म्हटलं. माझ्या स ची शीळ वाजली आणि आम्ही दोघं हसलो. मी तोंडावर हात ठेवला नाही. हातात चादर होती.

पण निर्णय अजून झालाच नव्हता. तो झाला दुसऱ्या दिवशी सकाळी, ओट्यावर. मी आबांना चहा द्यायला गेले. विलास कामावर गेला होता. आबांनी मला बसायला सांगितलं. एरवी ते मला बसायला सांगत नाहीत, मी आपली बसते.

"माझे दात काडले तवा मी पन्नासचा व्हतो," ते म्हणाले. "गावान क्यांप आलता. दोन दुखत व्हते. त्यांनी सगलेच काडले. मंग कवली दिली."

"तुम्ही तर म्हणता मोकळे झालात."

"तू घाबरलीस म्हनून बोललो." त्यांनी बशीत चहा ओतला. "बोंबलाचा काटा जिभंला कलत न्हाय मला. जवलाची चव पन अर्धीच कलते. वर टालूला पलास्टिक हाय ना. कोनी इचारला न्हाय मला तवा, ठेवाचा का काडाचा. तुला इचारतान. तर नीट इचार कर."

मी विचारलं, "आबा, तुम्हाला विचारलं असतं तर?"

आबांनी बशी तोंडाला लावली, सगळा चहा संपवला आणि म्हणाले, "मी ठेवले असते गो. दुखले असते तरी."

मी आत जाऊन डॉक्टर मानसींना फोन केला.

खुर्चीत

त्या दिवसाची अट अशी होती की आत उघडून बघायचं आणि तडा सापडला तर त्याच बैठकीत मूळ काढून टाकायचं. मी तसं लिहून दिलं. म्हणजे खुर्चीत बसताना, उठेन ती मूळ घेऊन की मुळाशिवाय, हे मला ठाऊक नव्हतं.

विलासने अर्धा दिवस सुट्टी घेतली होती. "मी आत येऊ का? हात धरतो," त्याने डॉक्टरांना विचारलं. त्यांनी स्टूल दिलं. इंजेक्शन टोचताना मी त्याचा हात गच्च आवळला आणि डोळे मिटले. टोचलं, मग ओठ जड झाला, मग नाकाचा शेंडा कुणा दुसऱ्याचा वाटायला लागला. इतकंच. चाळीस वर्षं मी या इतक्याशाला भीत होते.

मग माझ्या हातातला हात सैल पडला. डोळे उघडले तर विलास स्टुलावर पांढराफटक. डॉक्टरांच्या मदतनीस संगीताताई, पन्नाशीच्या, त्यांनी त्याला दोन्ही खांद्यांना धरून अलगद बाहेर नेलं. बाहेरून आवाज आला, "दादा, आडवे व्हा. साखरपाणी देते." मी तोंड उघडं ठेवून जितकं हसता येतं तितकं हसले. डॉक्टरही हसल्या. संगीताताई परत आल्या आणि त्याची जागा घेत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्यांनी शेवटपर्यंत उचलला नाही. पुढे मी त्यांना विचारलं, तुमचा हात दुखत नाही का. म्हणाल्या, "दुखतो ना. पण घाबरलेल्या माणसाला हात लागतो."

डॉक्टरांनी आतलं सगळं साफ केलं. निळा रंग टाकला. भिंग पुढे ओढलं. "आता हलू नका," म्हणाल्या.

तो शांत वेळ मला कुठल्याही सामन्यातल्या शेवटच्या चढाईपेक्षा लांब वाटला. पंख्याचा आवाज. बाहेर एसटीचा हॉर्न. माझा श्वास नाकात घुमत होता. मला वाटलं, आता त्या म्हणतील, माफ करा हेमाताई. मी मनातल्या मनात त्या दाताला निरोपसुद्धा देऊन टाकला.

"तडा नाही," त्या म्हणाल्या.

मी अंगठा वर केला.

"वरच्या वर एक ओरखडा आहे, फोटोत तोच रेघेसारखा दिसत होता. मूळ धड आहे. ताई, रडू नका, मला आत दिसत नाही."

लटकता दात

पुढच्या महिन्यांची मौज मी कुणाला सांगितली तर पटत नाही. शेजारच्या दातांना पुढून एक बारीक तार लावली. तिला माझ्याच दाताचा तुकडा चिकटवला, म्हणजे दिसायला फट नको. आणि त्या तुकड्यामागे माझं मूळ एका नाजूक रबराला बांधलेलं, रोज केसभर खाली येत होतं. बाहेरून बघणाऱ्याला दात शाबूत दिसायचा. प्रत्यक्षात तो नुसता लटकत होता.

खाणं म्हणजे पेज, मऊ भात, कालवणात भिजवलेली भाकरी. तृप्ती घरी आली ती पिशवीभर ताजी कोळंबी घेऊन. "मॅडम, मऊ असते," म्हणाली. आबा म्हणाले, "पोरी, आता रोज मॅडमना कोपर मार." ती लाजून लाल झाली. मी तिला कितीदा सांगितलं असेल की चूक तुझी नाही, तुझा खेळ तेवढा जोरदार होता. पण तिला ते पटलं, असं मला तेव्हा वाटलं नाही.

एकदा शाळेत प्रार्थना चालू असताना तुकडा निघाला. सगळे हात जोडून, डोळे मिटून उभे. माझ्या पायाशी काहीतरी पडल्याचा आवाज झाला. प्रार्थना संपल्यावर पाचवीतल्या एका मुलीने वाकून उचलला आणि दोन्ही हातांनी प्रसाद द्यावा तसा माझ्यासमोर धरला. "मॅडम, तुमचं पडलं." त्या दुपारी डॉक्टरांनी तो परत चिकटवला.

सगळे दिवस असे नव्हते. तिसऱ्या आठवड्यात हिरडी सुजली, ठणका लागला. जुन्या डॉक्टरांचं ऐकायला हवं होतं का, असं दोन दिवस सारखं मनात येत होतं. विलासवर उगाच ओरडले. डॉक्टरांनी बघितलं तर तारेखाली कोळंबीचा एक धागा अडकला होता. तो निघाला, सूज गेली. पण ते दोन दिवस मी लपवणार नाही. दात वाचवायचा म्हणजे आपण बरोबर निर्णय घेतला का, हा प्रश्न पुन्हा पुन्हा पडतो.

दीड महिन्यांनी डॉक्टरांनी आरसा हातात दिला आणि तुकडा काढला. हिरडीखाली लपलेलं माझं मूळ बाहेर डोकावत होतं. पिवळसर, ओबडधोबड, तांदळाच्या दाण्याएवढं. माझ्या मुलीचा पहिला दात आला होता तेव्हासुद्धा मी इतका वेळ बघितला नसेल. विलासला आत बोलावलं. तो या वेळी भिंतीला धरून उभा होता. "एवढंसं?" म्हणाला. मग वाकून पुन्हा बघितलं आणि हळू म्हणाला, "आला की रे."

गणपतीच्या आधी कॅप बसली. रंग शेजारच्या दाताशी इतका जुळला की जुन्या डॉक्टरांना मुद्दाम दाखवायला गेले तेव्हा त्यांनी चष्मा पुसून बघितलं. "माझं मत चुकलं, बरं झालं," म्हणाले आणि खूष होऊन मला चहा पाजला.

पुन्हा मैदानात

नोव्हेंबरमध्ये हंगाम सुरू झाला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की शिट्टी दातांत धरायची नाही, ओठांत धरायची. पंधरा दिवस मी मागच्या अंगणात ओठांत शिट्टी धरायचा सराव केला. शेजारच्या कोंबड्या पहिल्या दिवशी भिंतीवर चढल्या, नंतर त्यांना सवय झाली.

पहिल्याच सामन्यात तृप्ती खेळत होती. चढाईहून परत येताना ती माझ्या बाजूने रेषेकडे झेपावली आणि मला बघून तिने अर्ध्या वाटेत अंग चोरलं. पकडली गेली. मी शिट्टी वाजवली आणि तिला बाद दिलं. मध्यंतरात तिला बाजूला घेतलं.

"माझ्याकडे बघून खेळलीस. म्हणून बाद झालीस. पुन्हा असं केलंस तर मीच मैदान सोडून जाईन."

"मॅडम, पण तुमचा..."

"माझं मी सांभाळते. तू तुझा खेळ खेळ."

दुसऱ्या डावात तिने दोघींना ओढत रेषा गाठली. तिचा हात माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावरून गेला. मी हलले नाही. दोन बोटं वर केली. तिने माझ्याकडे बघितलं आणि प्रथमच, त्या दिवसानंतर प्रथमच, मोकळी हसली.

कुणाला उपयोग झाला तर

माझा दात वाचला म्हणून प्रत्येकाचा वाचवावा, असं मी म्हणणार नाही. भिंगाखाली तडा दिसला असता तर मी त्याच दिवशी काढला असता, आणि ती गोष्टही मी अशीच लिहिली असती. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलंय की हा किती वर्षं टिकेल ते कुणी सांगू शकत नाही. दर सहा महिन्यांनी मी दाखवायला जाते. खुर्ची मागे गेली की अजूनही पळावंसं वाटतं, फक्त आता मी ते मान्य करते. माझ्यासारखं कुणी खुर्चीत बसायच्या आधीच घाबरत असेल, तर बाकावर बसून बोलायला मागा. काय सापडलं तर काय करायचं, हे भूल द्यायच्या आधी ठरवून घ्या. आणि मोडलेला तुकडा टाकू नका. घरच्यांवर रागावलात तरी एवढं बघा की ते कशाला घाबरले आहेत. मला ते फार उशिरा दिसलं.

जानेवारीतला रविवार

वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, मधे अंडी, कोंबडीचे तुकडे, वर पुन्हा पाला. मडकं उलटं ठेवून भोवती गवत पेटवायचं. त्या रविवारी दिवेलागणीला आम्ही आमच्या शेतात पोपटी लावली. मुलगी पुण्याहून आली होती. तृप्ती तिच्या संघातल्या तिघींना घेऊन आली. आबा लाकडी खुर्चीत बसून जाळ कधी वाढवायचा ते सांगत होते आणि कुणी ऐकत नव्हतं.

मडकं उघडलं तसा वाफेचा लोट आला, ओवा-मिठाचा वास घेऊन. शेंगा केळीच्या पानावर ओतल्या. कुणी कुणासाठी थांबलं नाही. वालाची शेंग खायची ती अशीच, टोक धरून पुढच्या दातांत पकडायची आणि ओढायची, की दाणे तोंडात आणि साल हातात. आबांसाठी मुलीने दाणे सोलून वाटीत दिले. मी खाली मातीत बसले होते, गरम गरम शेंगा ओढत होते, तृप्तीशी भांडत होते की तिची ती शेवटची चढाई फाउल होती की नव्हती.

"अगं!" विलास एकदम म्हणाला. "दात!"

मी थांबले. तोंडात शेंग. "कुठला?"

तो बोट दाखवत राहिला. मी जिभेने चाचपून बघितलं, एकेक करून. त्यातला तो कुठला, जिभेला कळेना. मग पानावरची आणखी एक शेंग उचलली.